आशा आणि आमिष : मराठी ख्रिस्ती साहित्यातील पाळकीय सेवेचा एक विचार

विश्वास, आशा आणि प्रीती ही ख्रिस्ती जीवनाची तीन अधिष्ठाने पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात एकत्र सांगितली आहेत. यांपैकी विश्वास आणि प्रीती या दोन संकल्पनांना मराठी भक्तिपरंपरेत आधीपासूनच ओळखीचे स्थान होते. 'भाव' आणि 'प्रेम' हे शब्द वारकरी संतांनी इतके घडविले होते, की ख्रिस्ती लेखकांना ते जवळजवळ सिद्ध स्वरूपात मिळाले. आशेची गोष्ट वेगळी होती. दुःखिताला धीर देणे हे ज्या सेवेचे मुख्य कार्य, त्या पाळकीय सेवेला आशेवाचून चालत नाही. परंतु मराठी मनाला आशा हा शब्द निःशंक वाटत नव्हता. या अडचणीतून मराठी ख्रिस्ती लेखकांनी कोणता मार्ग काढला, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संदर्भात केला आहे.

१. शब्दाची पूर्वपीठिका

भारतीय अध्यात्मविचारात आशा ही बहुधा बंधनाच्या बाजूला उभी असते. 'आशापाश' हा समास त्याचा पुरावा होय. गीतेत 'निराशी' हे विशेषण योग्याच्या गौरवार्थ येते. कशाचीही अपेक्षा न उरलेला तो निराशी. आजच्या मराठीत मात्र 'निराश' म्हणजे खचलेला. एकाच शब्दकुळात वैराग्याचे शिखर आणि मनाचा पराभव असे दोन अर्थ नांदावेत, ही गोष्ट बोलकी आहे. संतवाङ्मयात आशा, तृष्णा आणि कल्पना यांची नावे अनेकदा एकत्र येतात. 'दुराशा' हा शब्द तर घरोघरी रुळला.

याच वाङ्मयात दुसरा एक प्रवाहही आहे. विठ्ठलाच्या भेटीची 'आस' अभंगांतून सतत व्यक्त होते आणि ती बंधन मानली जात नाही. प्राप्तीची आशा बांधून ठेवते, भेटीची आस मोकळे करते, असा सूक्ष्म भेद या परंपरेने केला आहे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील आशाविचार समजून घेण्यास हा भेद फार उपयुक्त ठरतो.

'पाळक' या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मोपदेशकाला पाळक म्हणतात. या संज्ञेमागे बायबलमधील मेंढपाळाची प्रतिमा आहे. दख्खनच्या पठारावर मेंढपाळ म्हणजे धनगर. तो कुरणाचा मालक नसतो. पाऊस सरला, की कळपाबरोबर तोही चाऱ्याच्या शोधात चालू लागतो; कळपाची तहान ती त्याचीही तहान असते. पाळकाकडे आशेचे कोठार असून त्यातून तो इतरांना वाटप करतो, अशी कल्पना या प्रतिमेशी विसंगत आहे.

२. आमिषाचा आक्षेप

आशेविषयीच्या या जुन्या संशयाला वसाहतकाळात एक सामाजिक धार आली. धर्मांतरित व्यक्ती पोटासाठी बाटली, हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात वारंवार घेतला गेला. भुकेल्याला अन्न, विधवेला आसरा आणि अस्पृश्य मानलेल्याला शाळा देणारा हात जर त्याच वेळी धर्मही देऊ करीत असेल, तर ती आशा की आमिष, हा प्रश्न रास्त होता. तो केवळ विरोधकांचा कांगावा म्हणून बाजूस सारता येत नाही.

या प्रश्नाची मुळे त्याहून जुनी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टी प्रांतात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइट धर्मगुरू मारले गेले. अशा भूमीत १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. ही उणीव त्यांनीच बोलून दाखविल्याचे ग्रंथातच सूचित होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण त्या अर्थी पाळकीय गरजेतून जन्मले. मात्र ज्या सत्तेच्या छायेत ही गरज निर्माण झाली, ती सत्ता दृष्टिआड करून ग्रंथातील तारणाच्या आशेचे मूल्यमापन करणे अपुरे ठरेल.

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत विधवांच्या दुःखाचे चित्रण आहे आणि त्या दुःखातून सुटण्याची वाट ख्रिस्ती धर्माकडे नेते. चित्रणातील कळकळ खरी आहे. परंतु दुःख हा प्रश्न आणि धर्मांतर हे उत्तर, अशी तिची मांडणी आहे. देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर येथे कायम राहते. पुढील पिढीतील लेखनाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

३. रमाबाई : भुकेची ओळख

पंडिता रमाबाईंच्या कार्यावर आमिषाचा आक्षेप सर्वांत तीव्रतेने आला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलविण्यात आले. तेथील विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. रमाबाईंच्या हेतूविषयी आदर असणाऱ्यांनाही आशा आणि आमिष यांतील सीमारेषा पुसट झाल्यासारखी वाटली, हे या घटनेतून दिसते.

या वादाचा निर्णय हेतूंच्या चर्चेने लागत नाही. रमाबाईंच्या जीवनक्रमाकडे पाहिले असता मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण मृत्यू पावली. अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे पुराणिक कुटुंब उपासमारीने विस्कटले. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराश्रित मुली आणि स्त्रिया आणण्यासाठी त्या निघाल्या, तेव्हा भूक ही त्यांच्या दृष्टीने परक्या माणसांची विपत्ती नव्हती. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या पूर्वायुष्याचे निवेदन केले आहे. आशा देणारी व्यक्ती स्वतः निराधार अवस्थेतून आलेली असणे, हे मराठी ख्रिस्ती साहित्यातील पाळकीय आशेचे पहिले लक्षण मानता येईल.

केडगावच्या मुक्ती सदनातील व्यवस्थेतून दुसरे लक्षण दिसते. कोरडवाहू जमिनीत विहिरी खोदणे, शेती, विणकाम, छपाई ही कामे स्त्रियांच्या हाती सोपविण्यात आली. अंधांना ब्रेल लिपी शिकविली गेली. येथे आशा हे उद्याचे आश्वासन न राहता आजचे कौशल्य बनली. परंतु केवळ तेवढ्यावर ही सेवा थांबली नाही. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. ज्यांची प्रकृती सुधारणार नाही, ज्यांच्याकडून संस्थेला काही परत मिळणार नाही, त्यांनाही तेथे जागा होती. आमिष नेहमी परताव्याची अपेक्षा करते. जेथे परतावा संभवतच नाही तेथेही सेवा चालू राहिली, तर तिला आमिष म्हणणे कठीण होते. ही कसोटी संस्थेच्या सर्व व्यवहारांना सारखीच लागू पडेल असे नाही. तरी कसोटी म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांचे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता, आणि मुद्रणाचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिच्या हाती संस्था सोपवायची ती मुलगी गेल्यानंतरही हे काम थांबले नाही, या वस्तुस्थितीत आशेविषयीचे कोणत्याही प्रवचनाहून अधिक स्पष्ट विधान आहे.

४. टिळक : आस आणि त्याग

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आशेच्या संदर्भात हा पूल विशेष महत्त्वाचा आहे. टिळकांच्या भक्तिगीतांत ख्रिस्त हा लाभ देणारा दाता म्हणून क्वचितच येतो. तो भेटीचा विषय म्हणून येतो. पूर्वोक्त परिभाषेत सांगायचे तर त्यांनी 'आशा' या धर्मशास्त्रीय संज्ञेत 'आस' या भक्तिशब्दाचे प्राण घातले. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ही गीते रुजली, त्यामागे सुबोधतेइतकेच हेही कारण असावे.

टिळकांच्या जीवनातील १९१७ चा निर्णय याच विचाराचा विस्तार होय. अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी सेवेतून ते बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ त्यांनी उभारू पाहिला. परदेशी वेतनावर जगणाऱ्या उपदेशकाने दिलेली आशा ऐकणाऱ्याला आमिषासारखी वाटू शकते, ही जाणीव या निर्णयात अनुस्यूत आहे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. यशाच्या मापाने पाहिल्यास हा प्रयत्न फसला. परंतु पाळकाने सुरक्षिततेच्या बाहेर येऊन बोलावे, ही त्यातील भूमिका मराठी ख्रिस्ती विचाराला मिळालेली मोलाची देणगी आहे.

५. 'स्मृतिचित्रे' : मागे राहिलेल्याची बाजू

येथवरचा विचार आशा देणाऱ्याच्या बाजूने झाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे (१९३४ पासून चार भाग) असाधारणत्व हे, की त्यात दुसरी बाजू बोलते. धर्मोपदेशकांच्या चरित्रांत धर्मांतराचा क्षण हा बहुधा प्रकाशाचा क्षण असतो. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात तोच क्षण आकांताचा आहे. पतीला नवी आशा सापडली, त्याच दिवशी पत्नीची सर्व आशा गेली. हा विरोध लेखिका लपवीत नाही आणि त्याचे धार्मिक समर्थनही करीत नाही.

वियोगाच्या काळाचे आणि त्यानंतरच्या सहजीवनाचे चित्रण पाळकीय दृष्टीने अभ्यसनीय आहे. सोवळेओवळे, जात, अन्न यांविषयीचे तिचे संस्कार एका उपदेशाने गळून पडत नाहीत. ती वाद घालते, रुसते, निरीक्षण करते आणि जातीविषयीचा निर्णय स्वतःच्या विचाराने घेते. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. टिळकांच्या स्वभावातील उतावळेपणा पुस्तकात जागोजाग दिसतो. परंतु या एका बाबतीत त्यांना वाट पाहावी लागली. वाट पाहणे हा मराठी वाक्प्रचार येथे अन्वर्थक ठरतो: ज्याची वाट पाहायची त्याला त्याच्या पावलांनी येऊ द्यायचे असते. आमिष वाट पाहत नाही. ते घाई करते.

पुढे दुष्काळात सापडलेली मुले टिळकांच्या घरात येतात. घरात पैसा टिकत नाही, कारण यजमानांचा हात सैल. तरी मुलांची पाने मांडली जातात. या प्रसंगांतील लक्ष्मीबाईंचा विनोद ही केवळ शैलीची शोभा नव्हे. स्वतःच्या ओढगस्तीकडे हसून पाहू शकणारी स्त्री दुसऱ्याच्या दुःखावर उपकारकर्त्याच्या थाटात उभी राहू शकत नाही. विनोदामुळे देणारा आणि घेणारा एका पातळीवर येतात. टिळकांनी सुरू केलेले आणि अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले व त्याचा बहुतांश भाग लिहिला. एकेकाळी ज्या आशेने त्यांचा संसार मोडला, तीच त्यांनी आपल्या हाताने, आपल्या भाषेत पुढे लिहिली.

६. निष्कर्ष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य धर्मविचारात आशेला पुन्हा केंद्रस्थान मिळाले. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झालेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गन मोल्टमन यांचा आशेच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ १९६४ मध्ये प्रकाशित झाला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या आपल्या घोषणापत्राचा आरंभ मानवांच्या आनंदाचा आणि आशेचा उल्लेख करून केला. या विचारांत पाळक दुःखिताच्या शेजारी उभा राहतो. मराठीत हे सूत्र सिद्धांतरूपाने मांडले गेले नसले, तरी आत्मकथन, गीत आणि भाषांतर या रूपांनी ते त्यापूर्वीच अवतरले होते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुःखापासून धीराकडे, धीरापासून कसोटीला उतरलेल्या शीलाकडे आणि त्यापासून आशेकडे असा क्रम दिला आहे. या क्रमात आशा शेवटी येते. आमिषात ती आरंभी दाखविली जाते. रमाबाईंचे दुष्काळातील पूर्वायुष्य, टिळकांचा वेतनत्याग आणि लक्ष्मीबाईंची पाच वर्षे यांत हा क्रम पाळला गेला आहे. म्हणूनच त्यांच्या लेखनातील आशा संतपरंपरेच्या कसोटीवरही 'पाश' ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील टीकाकारांनी विचारलेला प्रश्न मात्र त्यामुळे कायमचा निकालात निघत नाही. आजही रुग्णशय्येजवळ, आपत्तीत किंवा वृद्धाश्रमात जो कोणी धीराचा शब्द घेऊन जातो, त्याला तो नव्याने विचारला जाणारच. त्या प्रश्नाला सामोरे जाण्याची भाषा मराठी ख्रिस्ती साहित्याने घडवून ठेवली आहे, हे या वाङ्मयाचे चिरस्थायी महत्त्व होय.