आधी घड्याळ, मग डबा

भांड्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती खणांचा दाखवू?’ धायरीकराने त्याचं उत्तर देण्याआधी घरीच तीन गोष्टी ठरवून जावं: डबा किती वाजता भरला जातो, किती वाजता उघडतो आणि मधला वेळ कुठे असतो.

हिंजवडीला जाणारा माणूस नवले पुलावरची गर्दी चुकवायला सातला घर सोडतो आणि एकला जेवतो. सहा तास झाले, पण जेवायच्या जागी फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. धायरी-नऱ्हेच्या शेडमध्ये मशीनवर उभा राहणारा घरापासून दहा मिनिटांवर असतो, पण गरम करायची सोय बहुधा नसते. स्वारगेटची बस धरणाऱ्याचा डबा मांडीवर सरळ राहतो, दुचाकीवाल्याचा हुकाला लटकून सिंहगड रस्त्याचा प्रत्येक गतिरोधक मोजतो. मुंबईच्या डबेवाल्यांतले बरेचसे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, जुन्नर भागातले. पण इथे आपला डबा आपणच वाहायचा.

घड्याळ का? शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून असं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम सांगतात. सहा तासांच्या डब्यात तो पाळायचा तर अन्न कडक गरम राहायला हवं किंवा पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये जायला हवं. दोन्ही जमत नसेल तर निदान कोरडं न्यावं. पोळी, परतलेली भाजी आणि सुकी चटणी त्यातल्या त्यात निभावतात. घोर असतो तो भाताचा, वरणाचा आणि ओल्या खोबऱ्याचा. भातातल्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि तो सोडतो त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे ‘ऑफिसात गरम करू की’ हे उत्तर भाताला लागू पडत नाही. फ्रिज नसेल तर एप्रिल-मेमध्ये डब्यातून भात सरळ वगळावा, असं माझं मत आहे.

खरेदी

मायक्रोवेव्ह असेल तर बोरोसिलिकेट काचेचा एक पसरट डबा पुरतो. जड असतो, आणि बॅग आपटायची सवय असलेल्याने तो घेऊ नये. प्लॅस्टिकच घ्यायचं तर तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आणि मायक्रोवेव्हला चालेल असा स्पष्ट छाप, दोन्ही पाहावेत. श्रीखंडाचे रिकामे डबे फ्रिजात कोथिंबीर ठेवायला उत्तम. त्यात गरम आमटी ओतू नये.

मायक्रोवेव्ह नसेल तर स्टीलच. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी, मँगॅनीज जास्त. ते मिठाला आणि आंबटाला लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो धड चिकटत नाही. भांड्यावरचा छाप आणि बिलावरची नोंद, एवढाच भरवसा. ॲल्युमिनियमच्या डब्यात चिंच-गुळाची आमटी, टोमॅटो, ताक भरू नये; आंबटाने धातू अन्नात उतरतो. गरमच जेवायचं असेल तर दुहेरी भिंतीचा, मधे निर्वात पोकळी असलेला स्टीलचा डबा घ्यावा. बाहेरून प्लॅस्टिक आणि आत स्टीलची वाटी असलेले स्वस्त ‘हॉट’ डबे दोन-अडीच तासांनी नुसते कोमट उरतात, आणि कोमट हेच सगळ्यात वाईट.

मापाचा हिशेब घरून करून जावा. सात इंची पोळीची चौघडी केली की तिच्या टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ पाच इंच भरतात, म्हणजे गोल डब्याचा आतला व्यास पाच इंचांहून कमी नको. नाहीतर पोळ्या कोंबाव्या लागतात आणि कडा मोडतात. एका माणसाच्या भाजीला पाव लिटरची वाटी पुरते. मोठी घेतली तर अर्धी रिकामी राहते आणि रस्सा त्यात हिंदकळतो.

तुळशीबागेतून घ्या नाहीतर धायरी फाट्यावरून, घरी आल्यावर आधी परीक्षा. पाणी भरून, झाकण लावून डबा कागदावर दहा मिनिटं उलटा ठेवावा. मग हेच गरम पाण्याने करावं, कारण थंड पाण्याला दाद न देणारं झाकण वाफेच्या दाबाने ढिलं पडतं. आणि नाव घालून घ्यावं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये एकसारखे चार डबे असतातच.

रात्री

भाजी निवडून, चिरून ठेवावी, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवावी. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल तर कुकरमध्ये झाकून ठेवू नये. पसरट ताटात निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.

पाण्याबद्दल धायरीत वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले ते नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातच. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेलं चिकन हे त्याचे नेहमीचे मार्ग. तेव्हा काकडी, गाजर, कोथिंबीर यांना शेवटचं पाणी उकळून निवलेलं द्यावं. कच्चं चिकन चिरलेल्या सुरीने आणि पाटावर कोशिंबीर चिरू नये.

सकाळी

आधी भाजी, मग पोळ्या. डब्याची भाजी ताटातल्या भाजीपेक्षा कोरडी हवी. शेवटची तीन-चार मिनिटं झाकण काढून परतावी. कोबी आणि दुधी मिठाने पाणी सोडतात, त्यांना चमचाभर दाण्याचं कूट किंवा भाजलेलं डाळीचं पीठ लावलं की ते पाणी शोषलं जातं. भेंडीवर झाकण ठेवूच नये. कोशिंबिरीचं मीठ कागदाच्या पुडीत वेगळं द्यावं.

तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली की वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि खालच्या दोन पोळ्या भिजतात. जाळीवर किंवा चाळणीवर दोन मिनिटं टाकून, तूप लावून, सुती फडक्यात गुंडाळाव्यात. वर्तमानपत्रात कधीच नाही. शाई तेलात उतरते.

भरताना

निर्वात डब्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवावं, ते ओतून लगेच उकळती आमटी किंवा उसळ काठोकाठ भरावी. थंड डब्यात गरम अन्न भरलं तर पहिली उष्णता डबाच खाऊन टाकतो. अर्धवट भरला तरी लवकर निवतो.

साध्या क्लिपच्या डब्यात उलटं घडतं. वाफ कोंडून झाकण लावलं की निवताना आतला दाब उतरतो आणि दुपारी झाकण दोघांनी ओढूनही निघत नाही. भाजी चार मिनिटं उघडी ठेवून मग लावावं. झाकण अडकलंच तर डबा गरम पाण्यात धरावा.

पातळ पदार्थ तळाच्या खणात, पोळ्या वर. पिशवी डब्याच्या मापाची हवी. ढगळ पिशवीत डबा आडवा होतो. स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, सीटखाली इंजिनाची धग पोचते. हुकाला लटकवावा.

कामावर

फ्रिज असेल तर पोचल्या पोचल्या डबा आत, चहा नंतर. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत काढून घ्यावं. मधे एकदा ढवळावं, कारण कडेला चटका आणि मधे गार अशी गत होते. भाजीतून सगळीकडून वाफ आली पाहिजे. पोळीवर पाण्याचा हबका मारून वीस सेकंद.

धुताना

जेवल्यावर डबा तिथेच विसळावा, पण ओला असताना बंद करू नये. संध्याकाळी उघडल्यावर येणारा वास त्यातूनच येतो. झाकण सैल ठेवून आणावं. घरी झाकणातली सिलिकॉनची रिंग दर वेळी काढून धुवावी, खाचेत तेल आणि मसाला अडकतो. प्लॅस्टिकवरचा हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही. दोन दिवस गच्चीतल्या उन्हात ठेवलं की फिका पडतो. आतून चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र टाकून द्यावं. रिंग ताणली, चिरली किंवा चिकट झाली तर नवी मागावी. डबा घेतानाच दुकानदाराला विचारावं, याची रिंग सुटी मिळते का? नाही म्हणाला तर दुसरा डबा बघावा.