घरपट्टी कशी ठरते?

शेतसाऱ्याची गोष्ट वऱ्हाडांतील शेतकऱ्यास शिकवावी लागत नाहीं. आपल्या सर्व्हे नंबराचा आकार किती, त्यांत पोटखराबा किती, बांध कोणाकडे सरकला आहे, हें त्यास तोंडपाठ असतें. परंतु हाच शेतकरी घरपट्टीचें बिल हातीं आलें म्हणजे गोंधळून जातो. आंकडा मोठा वाटला तर तो सरपंचावर किंवा ग्रामसेवकावर चिडतो, चार दिवस चावडीवर बोलतो, आणि शेवटीं मुकाट्यानें भरतो किंवा थकवितो. हा आंकडा कोठून आला, कोणीं ठरविला, व तो बदलून घेण्याची वेळ कोणती, याची चौकशी शंभरांत दोघेंही करीत नाहींत. महागांव तालुक्यांतील वाचकांस ही माहिती आजच्या घटकेस विशेष उपयोगी आहे. कारण खुद्द महागांवीं आतां नगरपंचायत आहे व भोंवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायती आहेत. दोहोंचे कायदे निराळे आणि घराची किंमत ठरविण्याची रीतही निराळी. पुष्कळांचें घर महागांवांत व शेतांतला गोठा शेजारच्या गांवाच्या शिवारांत असतो, तेव्हां त्यांस दोन्ही रीती समजून घेणें भाग आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मध्यप्रांत व वऱ्हाड एकत्र होते तेव्हां ग्रामपंचायतीचा पहिला कायदा १९२० सालीं व दुसरा १९४६ सालीं झाला. १९४८ च्या कायद्यानें जनपद सभा आल्या. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला आणि १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आपणांस लागू झाला. आज खेड्यांतील घरपट्टी बसते ती याच अधिनियमाच्या १२४ व्या कलमान्वयें. नगरपंचायतीस १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम लागू आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती कराव्या असें धोरण शासनानें २०१४ सालीं स्वीकारलें. त्यानंतर महागांवाची व्यवस्था पालटली ती या दुसऱ्या कायद्यानें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. कराची रक्कम दोन गोष्टींच्या गुणाकारानें निघते: एक घराचें मूल्य आणि दुसरा कराचा दर. हे दोन आंकडे दोन निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या रीतीनें ठरतात. दर सभेंत ठरतो व तो सर्व गांवास सारखा असतो. मूल्य मात्र प्रत्येक घराचें वेगळें असून तें नोंदवहींत लिहिलेल्या चार-पांच शब्दांवर अवलंबून असतें. लोक भांडतात तें दरासाठीं. बहुधा चूक असते ती मूल्यांत.

दर ठरविण्याची रीत अशी. पुढील वर्षाचें अंदाजपत्रक तयार करतांना पंचायतीनें प्रथम खर्च मांडावयाचा असतो: नळयोजनेच्या पंपाचें वीजबिल, रस्त्यावरील दिवे, नाल्यांची सफाई, शिपायाचा व पाणी सोडणाराचा पगार, किरकोळ दुरुस्ती. मग शासनाकडून येणारें अनुदान, वित्त आयोगाचा निधि, बाजाराचें भाडें वगैरे उत्पन्न मांडावयाचें. शेतसाऱ्यावर रुपयामागें उपकर बसतो व त्यांतूनही पंचायतीस वांटा मिळतो. म्हणजे तलाठ्याकडे आपण जें भरतो त्यांत गांवाचाही अंश आहे. इतकें करून जी तूट उरते ती घरपट्टीनें व पाणीपट्टीनें भरून काढावयाची. मात्र पंचायतीस वाटेल तो दर घेतां येत नाहीं. शासनानें किमान व कमाल मर्यादा ठरवून दिली आहे व त्या दोहोंच्या मध्येंच दराचा ठराव करावा लागतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलास सुरू होतें, म्हणून ठराव त्यापूर्वीं झालेला बरा.

येथें एक स्पष्ट बोललें पाहिजे. निवडणूक जवळ आली कीं सभासद दर वाढविण्यास भितात आणि वर्षानुवर्षें किमान दरावरच गाडी चालवितात. गांवास तें गोड वाटतें. परंतु पंपाचें बिल थकून वीज तोडली गेली म्हणजे ऐन वैशाखांत बायाबापड्यांस डोक्यावर पाणी वाहावें लागतें. कमी दर म्हणजे स्वस्त कारभार, असें समजण्याचें कारण नाहीं. उलट, दर कमाल मर्यादेपर्यंत नेला असेल तर त्या पैशाचें काय झालें हें ग्रामसभेंत विचारण्याचा प्रत्येक मतदारास अधिकार आहे. जमाखर्चाचें विवरण ग्रामसभेपुढें ठेवावेंच लागतें. आपल्याकडे ग्रामसभेस जावयाचें तें घरकुलाच्या यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं एवढें पाहण्यापुरतें, हा आपला दोष होय.

आतां मूल्य. ग्रामपंचायतीच्या हद्दींत पूर्वीं कर नुसत्या बांधकामाच्या क्षेत्रफळावर बसविला जाई. ती पद्धति उच्च न्यायालयांत टिकली नाहीं, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनें भांडवली मूल्याची पद्धति आली. तिचें गणित असें: जागेचें क्षेत्रफळ गुणिलें जागेचा दर, त्यांत बांधकामाचें क्षेत्रफळ गुणिलें बांधकामाचा दर गुणिलें घसारा, ही रक्कम मिळवावयाची, आणि येणाऱ्या बेरजेस वापराच्या भारांकानें गुणावयाचें. जागेचे व बांधकामाचे दर मुद्रांक व नोंदणी खात्याच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांतून घेतात. घसारा म्हणजे घर जुनें झाल्याबद्दल मिळणारी सूट. ती घराच्या वयावर व बांधकामाच्या जातीवर ठरते. भारांक राहत्या घरास १ असतो आणि दुकान अथवा कारखाना असेल तर त्याहून अधिक. या मूल्याच्या दर हजार रुपयांस अमुक पैसे, असा कराचा दर असतो. मातीच्या घरास तो सर्वांत कमी, सिमेंट-कांक्रीटच्या इमारतीस अधिक.

उदाहरणावांचून हें ध्यानांत येणार नाहीं. खालील आंकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या गांवचे दर निराळे असतील. समजा, एका शेतकऱ्याची जागा ६० चौरस मीटर असून जागेचा दर ५०० रुपये आहे; म्हणजे ३०,००० रुपये झाले. त्यावर ५० चौरस मीटरचें विटामातीचें जुनें घर आहे. बांधकामाचा दर ८,००० रुपये धरला तर ४,००,००० रुपये. घसारा जाऊन शेंकडा ७० उरले असें धरलें तर २,८०,०००. दोन्ही मिळून ३,१०,००० रुपये. दर हजारीं १०० पैसे असला तर वर्षाची घरपट्टी ३१० रुपये. आतां हेंच घर नोंदवहींत चुकून सिमेंट-कांक्रीटचें व अलीकडचें म्हणून लिहिलें गेलें असें समजा. बांधकामाचा दर १६,००० झाला, घसारा जाऊन शेंकडा ८० उरले. म्हणजे ६,४०,००० अधिक जागेचे ३०,००० मिळून ६,७०,००० रुपये. त्या जातीच्या इमारतीस दर हजारीं १५० पैसे असल्यास कर १,००५ रुपये! घर तेंच, गांव तेंच, सभेचा ठरावही तोच. नोंदींतला एक शब्द व एक सालाचा आंकडा चुकल्यानें पट्टी तिपटीहून अधिक झाली.

ही नोंद ज्या वहींत असते तिला नमुना ८ म्हणतात. ती कर-आकारणीची नोंदवही. तिच्या आधारें वर्षाची मागणी नमुना ९ मध्यें लिहितात आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० ची मिळते. नमुना ९ पाहिला म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य उपकर व पाणीपट्टी हीं निरनिराळीं दिसतात. आपण ज्याला सरसकट घरपट्टी म्हणतो त्यांत हें सारें येतें. नमुना ८ चा उतारा मागितल्यास मिळतो. तो घरीं आणावा, टेप घेऊन घर स्वतः मोजावें आणि चार रकाने पडताळून पाहावे: क्षेत्रफळ, बांधकामाची जात, बांधल्याचें साल व वापर. हा उतारा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे हेंही लक्षांत असूं द्यावें. २०२० पासून स्वामित्व योजनेंत ड्रोनच्या साह्यानें गांवठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचें काम सुरू झालें. जेथें ती पत्रिका मिळाली आहे तेथें तिच्यांतील क्षेत्र व नमुना ८ मधील क्षेत्र जुळतें कीं नाहीं हें अगत्य पाहावें.

शेतजमिनीसंबंधानें मात्र एक दिलासा आहे. जी जमीन शेतसारा देते तिच्यावर पंचायतीचा हा कर बसत नाहीं. परंतु इमारतीस ही सवलत नाहीं. इमारत ज्या जागेवर उभी आहे तिला शेतसारा असो वा नसो, ती करास पात्र आहे, असे कायद्याचे शब्द आहेत. म्हणून शेतांतला गोठा किंवा कोठार शेतांत आहे एवढ्यावरून तें आपोआप सुटलें असें धरूं नये. त्याची नोंद काय झाली आहे हें पाहावें.

या बाबतींत माझीच फजिती सांगतों. गांवाचें नांव लिहीत नाहीं. रस्त्यालगत माझा टिनपत्र्याचा गोठा आहे. त्यांत दोन बैल, एक म्हैस आणि कुटाराचा ढीग. नोंदवहींत तो पक्क्या बांधकामाचें दुकान म्हणून चढला होता. बहुधा शेजारच्या हॉटेलाची ओळ माझ्या नांवापुढें उतरली असावी. मी वर्षामागून वर्ष पट्टी वाढली म्हणून कुरकुर करीत भरीत राहिलों. उतारा पाहावा हें सुचलें नाहीं. शेवटीं फेरआकारणीच्या वेळीं यादी फळ्यावर लागली असतां मुलानें ती वाचली. लेखी हरकत दिली, समिति जागेवर आली, बैलांनीं त्यांचें यथायोग्य स्वागत केलें आणि नोंद सुधारली. पुढची पट्टी उतरली. मागें भरलेलें मात्र गेलें तें गेलेंच.

कारण हरकतीलाही काळवेळ आहे. आकारणीची यादी साधारणतः दर चार वर्षांनीं नवी होते. त्या वेळीं ती प्रसिद्ध करून हरकती मागवितात, त्यांवर सुनावणी होते व मग ती कायम होते. हीच खरी संधि. यादी कायम झाल्यावर अन्याय वाटला तर पंचायत समितीकडे अपील करतां येतें. पण त्यासही मुदत असते आणि तोंवर बिल चालू राहतें.

आतां महागांव नगरपंचायतीच्या हद्दींतील घरांकडे येऊं. नगरपरिषदांच्या अधिनियमांत रूढ पद्धति आहे ती वार्षिक भाड्याची. हें घर भाड्यानें दिलें असतें तर वर्षास वाजवी भाडें किती आलें असतें, याचा अंदाज करावयाचा. त्यांतून दुरुस्तीबद्दल शेंकडा १० वजा करावयाचे. उरेल तें करयोग्य मूल्य. महिना १,००० रुपये भाडें धरलें तर वर्षाचे १२,००० व करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. त्यावर सभेनें समजा शेंकडा २० दर ठरविला तर कर २,१६० रुपये. याशिवाय १९६२ च्या कायद्याप्रमाणें शिक्षण कर, व बिगरराहत्या इमारतींवर रोजगार हमी कर असतो. हे दोन कर नगरपंचायत वसूल करते, पण ते राज्य शासनाचे आहेत. म्हणून बिलांतील ते आंकडे अलग काढूनच नगरसेवकास जाब विचारावा.

खेड्याच्या वळणाच्या गांवांत या पद्धतीची एक अडचण आहे. महागांव हें नागपूरहून यवतमाळ, आर्णी, उमरखेडवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. महामार्गालगत खोल्या भाड्यानें जातात, तेथें भाडें सहज कळतें. परंतु आंतल्या आळीतल्या शेतकऱ्याच्या वाड्यास भाडेकरू कोण येणार? ज्या चार खोल्यांत कापूस, सोयाबीन व तूर भरलेली असते त्यांचें भाडें अंदाजानेंच ठरतें, आणि तो अंदाज महामार्गावरील खोल्यांवरून बांधला गेला तर शेतकऱ्यावर अन्याय होतो. अशा वेळीं ‘कर फार आहे’ एवढें लिहून उपयोग नाहीं. आपल्याच आळींत एखादें घर भाड्यानें दिलेलें असेल तर त्याच्या भाडेचिठ्ठीची प्रत जोडावी, कोणत्या खोल्या धान्याच्या आहेत, छप्पर कशाचें आहे, हें हरकतीच्या अर्जांत नमूद करावें. येथें मूल्य ठरविण्यांत नगररचना खात्याच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याचा हात असतो. तो महागांवचा रहिवासी नसतो, तेव्हां त्यास आळीची स्थिति आपणच दाखविली पाहिजे. ज्या मिळकतीवर प्रथमच आकारणी होते किंवा जिची आकारणी वाढते तिच्या मालकास स्वतंत्र नोटीस मिळावयास पाहिजे. ती हातीं पडतांच तिच्यावर तारीख लिहून ठेवावी.

भरण्याविषयीं दोन शब्द. ग्रामपंचायतींत ३० सप्टेंबरपूर्वीं पूर्ण कर भरणारास शेंकडा ५ सूट मिळते व पुढें शेंकडा ५ दंड लागतो. कापूस घरीं येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि ही मुदत त्याच्या अगोदर संपते; म्हणून ही रक्कम पेरणीच्या खर्चांतच धरून ठेवावी हें बरें. हरकत चालू आहे म्हणून कर थकवूं नये. रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा मनुष्य पंचायतीचा सभासद होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो, आणि अशा कारणानें भलेभले सभासद घरीं बसले आहेत. हरकतीचा अर्ज देऊन पोंच घ्यावी, कर भरून नमुना १० ची पावती घ्यावी, आणि दोन्ही कागद सातबाराच्या उताऱ्याशेजारीं एकाच फडक्यांत बांधून ठेवावे.