पदव्युत्तर धर्माध्ययन आणि ब्रह्मविद्येचा अभ्यास

दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतील उपदेशी कुटुंबांत मुले पदवीधर झाली की प्रश्न येतो : धर्माध्ययनात एम. ए. करावे काय? श्रद्धा ढळेल, अशी वडीलधाऱ्यांस भीती. ती अस्थानी नाही. परंतु तिचे कारण पाठचिकित्सा नव्हे. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शींस गाठून लीळा मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून जपले गेले. पूर्वजांस पाठभेदाचे भय नव्हते. सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेच्या ॲन फेल्डहाऊस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. हे कार्य आपल्या मठांतूनच व्हावयास हवे होते!

खरा भेद अन्यत्र आहे. विद्यापीठ जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांस एका पंथाचे मत म्हणून तपासते. आपण या चार पदार्थांचे ज्ञान मोक्षासाठी घेतो. शिवाय सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले, ते प्रकरण गुरुमुखातून कळल्याविना उत्तरपत्रिका भरते, अर्थ मात्र लागत नाही. यास्तव प्रवेशापूर्वी सूत्रपाठ प्रकरणांसह मुखोद्गत असावा. रिद्धपुरास २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या त्या स्थानी अध्ययनासवे स्थानवंदनही घडेल.