उष्ण प्रदेशात सहा महिने : आधी लस, मग तिकीट

प्रश्न : केनिया-युगांडात सहा महिने एकट्याने फिरायचे आहे. डासांतच वाढलेल्या आम्हा हैदराबादकरांना लस, गोळ्या खरेच लागतात का? – एक वाचक, काचीगुडा

उत्तर : लागतात. डासाच्या पोटातील हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये तुमच्याच सिकंदराबादेत दिसले. तरीही डासांची सवय म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. पीतज्वर तर भारतात नाहीच, म्हणून शरीराला त्याची ओळखही नाही. त्याची लस एकदाच पुरते, पण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते. सहा महिने हिवतापाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मार्ग दाखवून डॉक्टरांकडून धोक्याचे भाग आणि गोळ्यांचे दिवस ठरवून घ्या. परतल्यावर ताप आला, तर प्रवासाची माहिती देऊन त्याच दिवशी रक्त तपासा.