सल्ल्याची पत : नियमित कीड-संदेश आणि शेतकऱ्यांचा विश्वास

2008 च्या खरीप हंगामात विदर्भातील सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा (स्पोडोप्टेरा लिट्युरा) मोठा उद्रेक झाला. या अळीच्या नियंत्रणाचे उपाय तेव्हाही ज्ञात होते. उणीव होती ती प्रादुर्भावाची माहिती वेळेत गोळा होऊन शेतकऱ्यापर्यंत वेळेत पोहोचण्याची. या अनुभवातून 2009-10 मध्ये पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. राज्याचा कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था त्यात एकत्र आल्या. निवडलेल्या शेतांतील निरीक्षणे संगणकावर नोंदवायची, आर्थिक नुकसानीच्या पातळीशी त्यांची तुलना करायची आणि लघुसंदेश व गावातील फलक यांद्वारे सल्ला द्यायचा, अशी त्याची रीत आहे.

मात्र संदेश पोहोचणे आणि त्यावर विश्वास बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट विस्तार कार्यकर्त्याच्या सातत्यावर अवलंबून असते.

‘फवारणी नको’ हाही सल्लाच

केवळ उद्रेकाच्या वेळी येणारा संदेश शेतकऱ्याला औषध विक्रीच्या जाहिरातीसारखाच वाटू शकतो. सल्ल्याची खरी कसोटी कीड कमी असताना लागते. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रति सापळा 8 पतंग, किंवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले वा हिरवी बोंडे, ही तिची आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. निरीक्षणे या पातळीच्या खाली असतील तर ‘या आठवड्यात फवारणीची आवश्यकता नाही’ असे आकड्यासह स्पष्टपणे कळवावे. त्यामुळे फवारणीचा खर्च वाचतो आणि ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक टिकून राहतात. जो सल्ला अनावश्यक खर्च टाळतो, तोच सल्ला आवश्यक खर्च सुचवील तेव्हा ऐकला जातो.

येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टाळणे हे फवारणाऱ्याच्या जिवाचेही रक्षण आहे.

ठरलेला दिवस, ठरलेली वेळ

भारतीय हवामान विभागाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. वार ठरलेला असल्याने शेतकरी त्यानुसार आंतरमशागत व फवारणीचे नियोजन करू शकतो. कीड-सल्ल्यालाही असाच ठरलेला वार हवा.

नियमित संवादाचे बळ किती असते, याचे उदाहरण शेतीबाहेरचे आहे. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने 1998 पासून पुदुच्चेरी परिसरात ग्राम माहिती केंद्रे उभारली. मच्छीमार गावांत समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जाई. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, तेव्हा नल्लवाडू गावात परदेशातून दूरध्वनीने मिळालेली सूचना याच ध्वनिक्षेपकावरून देण्यात आली आणि ग्रामस्थ किनाऱ्यापासून दूर गेले. रोजच्या परिचयाचा तो आवाज संकटसमयी लोकांनी मानला. अशी पत ऐनवेळी उभी करता येत नाही.

संदेश कसा असावा?

1. पीक, त्याची अवस्था आणि मंडळ यांचा उल्लेख असावा. सर्व जिल्ह्यासाठी एकच मोघम संदेश नसावा.
2. प्रत्यक्ष निरीक्षणाचा आकडा आणि आर्थिक नुकसानीची पातळी शेजारी शेजारी द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला स्वतः निर्णय पडताळता येतो.
3. एका संदेशात एकच कृती सांगावी. रासायनिक उपायाची गरज असल्यास शिफारशीत कीटकनाशक, मात्रा व संरक्षक साधने यांचा उल्लेख करावा.
4. पुढील संदेशाचा वार कळवावा.

नमुना : ‘कापूस, पाते व फुले लागण्याची अवस्था. आपल्या मंडळात तीन दिवसांत प्रति सापळा प्रतिदिन सरासरी 3 पतंग, पातळी 8. डोमकळ्या 10 टक्क्यांपेक्षा कमी. गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करू नये. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. पुढील सूचना शुक्रवारी.’

संवाद दुतर्फी हवा

प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या सापळ्यातील पतंगांची मोजणी कृषी सहायकाला ठरलेल्या दिवशी कळवावी. कृषी सहायकाने ती पुढील संदेशात समाविष्ट करावी. आपण दिलेली नोंद सल्ल्यात उतरलेली दिसली की शेतकरी त्या यंत्रणेचा भागीदार होतो. एखादा अंदाज चुकल्यास पुढच्याच संदेशात तो दुरुस्त करावा, कारणही सांगावे. मौन पाळल्यास केवळ तो संदेश नव्हे, तर त्यानंतरचे सर्व संदेश संशयास्पद ठरतात.

येत्या हंगामात प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने पेरणीपूर्वीच आपल्या गावांसाठी संदेशाचा वार निश्चित करून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कीड नसलेल्या आठवड्यातही तो वार चुकवू नये.