एका नावाचे तीन चार्ल्स : कॅरोल घराण्याची वंशावळ

वंशावळीत नाव हा पहिला पुरावा. पण तोच फसवतोही. अमेरिकेतील मेरीलँड वसाहतीत स्थिरावलेले आयरिश कॅरोल घराणे मला याचे बोलके उदाहरण वाटते. ‘ओ’कॅरोल’ या मूळ आडनावातील ‘ओ’ म्हणजे वंशज. इंग्रजी कागदोपत्री तो गळाला आणि नावातली कुळाची खूणच पुसली गेली.

१६८८ साली चार्ल्स कॅरोल मेरीलँडला आले. त्यांचा मुलगा चार्ल्स, नातूही चार्ल्स. आजोबांना इतिहासकार ‘वसाहतकार’ म्हणतात, मुलाला ‘अ‍ॅनापोलिसचे’; नातू स्वतःच ‘कॅरोलटनचे’ अशी सही करीत. कॅरोलटन ही त्यांची जहागीर.

नातवाचा जन्म १७३७ चा, आईवडिलांचा विवाह मात्र १७५७ चा. केवळ विवाहनोंदीवर विसंबणारा अभ्यासक येथे वीस वर्षांनी चुकेल. १७१८ मध्ये मेरीलँडने कॅथलिकांचा मताधिकार काढून घेतला होता. तरी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथलिक हाच नातू होय.

म्हणून नाव, गाव आणि साल यांचा मेळ बसल्याखेरीज नाते जोडू नये.