प्रबंधासाठी वाचन व लेखन : सिलतऱ्याच्या धुळीचे उदाहरण

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धरसीवा भागात, सिलतरा हे गाव आहे. आज ते औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते. तेथील अनेक कारखान्यांत स्पंज लोखंड तयार होते. लोहखनिज, दगडी कोळसा व डोलोमाइट ही द्रव्ये एका लांब, किंचित तिरप्या आणि सावकाश फिरणाऱ्या भट्टीत सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. कोळशापासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. खनिज वितळत नाही. ऑक्सिजन निघून गेल्याने ते सच्छिद्र होते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. या उद्योगात धूळही पुष्कळ उत्पन्न होते. ती किती उडते आणि आसपासच्या वस्तीतील माणसांच्या श्वासात किती जाते, हा तेथील रहिवाशांच्या दृष्टीने नित्याचा प्रश्न आहे.

रायपूरच्या विश्वविद्यालयात एम. एस्सी. करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाच विषय घेतला, अशी कल्पना करावी. त्याची पहिली अडचण धूळ मोजण्याची नसते, वाचण्याची असते. ‘सिलतरा येथील वायुप्रदूषण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय मनात धरून वाचणाऱ्यास ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तक उपयुक्त वाटते व त्याची टिपणे वाढतच जातात. उलट, ‘पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर वस्तीतील बारीक धुळीच्या प्रमाणात किती फरक पडतो?’ असा प्रश्न एकदा ठरला, की हाती आलेल्या लेखांपैकी बरेचसे बाजूला ठेवता येतात.

शास्त्रीय लेख कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचावयाचा नसतो. प्रथम गोषवारा पाहावा, नंतर कोष्टके व आकृत्या, मग निष्कर्ष. लेख आपल्या प्रश्नास लागू पडतो असे दिसले, तरच मागे वळून कार्यपद्धतीचा भाग वाचावा. आणि तो मात्र सर्वांत सावकाश. उपकरण कोठे ठेवले होते, जमिनीपासून किती उंचीवर, किती तास, कोणत्या महिन्यात, आणि नेमके काय मोजले गेले? नवशिके विद्यार्थी हाच भाग रूक्ष म्हणून गाळतात, आणि पुढील चुकांचे मूळ बहुधा येथेच असते.

अशी चूक कशी घडते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. विद्यार्थ्यापुढे दोन लेख आहेत. २००४ सालच्या लेखात औद्योगिक क्षेत्रातील हवेत घनमीटरमागे ३२० मायक्रोग्रॅम धूळ आढळली व ती मर्यादेच्या आत होती, असे म्हटले आहे. २०१५ सालच्या लेखात हा आकडा १४० असून तो मर्यादेबाहेर असल्याचे लिहिले आहे. घाईने वाचणारा विद्यार्थी लिहून मोकळा होतो की, अकरा वर्षांत हवेतील धूळ निम्म्याहून कमी झाली. वाक्य डौलदार आहे. पण त्यास आधार नाही.

१९९४ साली भारतात ठरलेल्या मानकांत हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीसाठी मर्यादा होती. चोवीस तासांच्या मापनासाठी ती औद्योगिक क्षेत्रात ५०० आणि निवासी क्षेत्रात २०० मायक्रोग्रॅम होती. १८ नोव्हेंबर २००९ रोजी नवी मानके प्रसिद्ध झाली. त्यांत एकूण धुळीचे माप वगळण्यात आले आणि दहा व अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या चोवीस तासांच्या मर्यादा अनुक्रमे १०० व ६० मायक्रोग्रॅम ठरल्या. वार्षिक सरासरीसाठी त्या ६० व ४० आहेत. औद्योगिक क्षेत्रास असलेली वेगळी सवलतही या कणांबाबत उरली नाही. आता दोन्ही लेख पुन्हा पाहावेत. पहिल्यातील ३२० ही एकूण धूळ होती. दुसऱ्यातील १४० हे केवळ दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण होते. असे कण एकूण धुळीचाच एक भाग असतात. त्यामुळे या दोन आकड्यांवरून हवा सुधारली असेही म्हणता येत नाही, बिघडली असेही म्हणता येत नाही. ‘मर्यादेच्या आत’ हे शब्द जुन्या लेखातून जसेच्या तसे उचलले, तर ज्या हवेची तक्रार गावकरी करीत आहेत, तिला प्रबंधाचे प्रमाणपत्र विनाकारण मिळून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेल्या चोवीस तासांच्या मर्यादा तर ४५ व १५ इतक्याच आहेत. म्हणून मर्यादा कोणाची, कोणत्या सालची व किती तासांची, हे आकड्याबरोबरच टिपून घ्यावे.

टिपणासाठी वहीच्या पानाचे दोन भाग करणे सोयीचे असते. डावीकडे लेखक काय म्हणतो ते, पृष्ठांकासह; उजवीकडे विद्यार्थ्याची स्वतःची शंका वा मत. हे दोन्ही एकत्र मिसळले, की चार महिन्यांनंतर कोणते वाक्य कोणाचे हे ओळखता येत नाही आणि अजाणता वाङ्मयचौर्य घडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार मजकुरातील साम्य दहा टक्क्यांहून अधिक व चाळीस टक्क्यांपर्यंत आढळल्यास विद्यार्थ्यास प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेथील मराठी विद्यार्थ्यास यावर एक उपाय घरचाच आहे. इंग्रजी लेखाचे टिपण त्याने मराठीत करावे. पुस्तक मिटून जे मराठीत सांगता येत नाही, ते समजलेलेच नसते. शिवाय भाषा बदलल्यामुळे मूळ वाक्य नकळत उतरविले जाण्याचा संभवही बराच कमी होतो.

लेखनास वाचन संपण्याची वाट पाहू नये. कार्यपद्धतीचे प्रकरण मापन चालू असतानाच लिहून काढावे. प्रस्तावना सर्वांत शेवटी. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ‘अमुक लेखकाने असे म्हटले, तमुक लेखकाने तसे म्हटले’ अशी यादी देण्याचा प्रघात फार आहे व तो कंटाळवाणाही आहे. त्याऐवजी एकाच प्रश्नावर कोणाचे मत जुळते व कोणाचे जुळत नाही, आणि का, हे मांडावे. पाने वाढविण्याचा मोहही टाळता येतो. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज येथे पीएच. डी. मिळविली, त्यांचा प्रबंध सुमारे चाळीस पानांचाच होता, असे सांगितले जाते.

निष्कर्षाच्या प्रकरणात क्रियापदे जपून योजावीत. ‘आढळले’, ‘सूचित होते’ आणि ‘सिद्ध झाले’ यांत मोठे अंतर आहे. ‘सिलतऱ्यातील हवा कारखान्यांमुळे दूषित झाली आहे’ असे लिहिण्यासाठी रस्त्यावरील मालमोटारींची व उघड्या मातीची धूळ वेगळी काढावी लागते. ती काढली नसेल, तर ‘डिसेंबर महिन्यात सहा दिवस वस्तीतील एका ठिकाणी केलेल्या मापनात दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे प्रमाण २००९ च्या चोवीस तासांच्या मर्यादेहून चार दिवस अधिक आढळले’ इतकेच लिहावे, आणि त्याखाली हेही नोंदवावे की, हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहिल्याने धूळ खालीच कोंडून राहते. त्यामुळे हे आकडे जुलै महिन्यास लागू पडणार नाहीत.